अर्धशिशीची घागर

भाकरी थापता थापता इकडे कान दिलेल्या, बांधावर बसून मोबाइलवर ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीत मधोमध रेडिओ ठेवून बसलेल्या तुम्हा सगळ्यांना आम्हा सहयोगिनींचा नमस्कार.

आज कर्ज, हप्ता, व्याज यांतलं काही बोलायचं नाही. आजचा विषय ग्रामसंघाच्या बैठकीत बायांनीच सुचवला. बचत गटाचं हजेरीचं रजिस्टर उघडलं की एक शेरा पुन्हा पुन्हा दिसतो: ‘डोकं दुखतंय म्हणून गैरहजर.’ तो वाचताना कुणीतरी हळूच हसतं, कुणी म्हणतं, ‘बरं निमित्त आहे.’ पण ज्या बाईचं अर्धं डोकं ठणकत असतं, जिला दारातला उजेड सुईसारखा टोचतो, तिला विचारा. तिचा त्या दिवशी मजुरीचा खाडा होतो, जनावरांचं शेण-पाणी कसंबसं होतं, लेकरं उपाशी राहू नयेत म्हणून ती डोळे मिटून पिठलं ढवळते. एवढं करून घरात बोलणी खाते. म्हणून आज अर्धशिशीबद्दल आणि त्यात डोळ्यांना उजेड का सोसत नाही याबद्दल बोलू. गोळ्यांशिवाय आपल्या हातात काय काय आहे, ते नीट पाहू.

आधी ओळख पटवून घेऊ. अर्धशिशी म्हणजेच मायग्रेन. बहुतेक वेळा डोक्याच्या एका बाजूला ठणका लागतो, कधी दोन्ही बाजूंनाही. जिना चढलं, वाकून झाडलं, हंडा उचलला की ठणका वाढतो. मळमळतं, उलटी होते. उजेड नको वाटतो, आवाज नको वाटतो, फोडणीचा किंवा उदबत्तीचा वासही नको होतो. काहीच केलं नाही तर असा एक झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत चालू शकतो. काही जणींना डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात, ठिपके नाचतात, नजरेचा एखादा भाग पुसल्यासारखा होतो. हे बहुधा तासाभरात थांबतं आणि मग ठणका सुरू होतो.

आपल्याकडे याला सर्रास ‘पित्त’ म्हणतात. उलटी झाली की डोकं हलकं होतं, म्हणून पित्त पडलं असं वाटतं. खरं तर ती उलटी अर्धशिशीचाच एक भाग आहे. मूळ दुखणं मेंदूत आणि डोक्याच्या नसांमध्ये असतं, पोट त्याच्या मागून बिघडतं. म्हणून वर्षानुवर्षं पित्ताची पावडर घेऊनही अनेकींचं डोकं थांबत नाही. काही जणी चष्म्याचा नंबर काढून येतात. नंबर असेल तर चष्मा लावायलाच हवा, पण चष्म्याने अर्धशिशी जातेच असं नाही.

आणि हे दुखणं काही एकटीदुकटीचं नाही. जगात साधारण सात माणसांत एकाला अर्धशिशी असते. शेजारच्या कर्नाटकात घरोघर जाऊन केलेली एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात वर्षभरात अर्धशिशी झालेली माणसं शंभरात सुमारे २५ निघाली. पुरुषांपेक्षा बायकांना ती दुपटी-तिपटीने जास्त होते. पाळी सुरू होण्याच्या वयापासून हा फरक पडतो, कारण अंगातल्या संप्रेरकांच्या चढउताराशी तिचा संबंध आहे. आईला असेल तर लेकीला होण्याची शक्यता वाढते. तेव्हा ज्या घरात सासू म्हणते, ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती,’ त्या घरातल्या सासूबाईंनाच आम्ही विचारतो, ‘आत्याबाई, तुमची आई कधी डोक्याला फडकं आवळून अंधारात पडायची का हो?’ पुष्कळदा उत्तर येतं, ‘हो, पडायची की.’

आता उजेडाकडे येऊ. डोकं दुखत असताना उजेड का टोचतो? अमेरिकेतल्या बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी दृष्टी गेलेल्या, पण अर्धशिशी असलेल्या माणसांचा अभ्यास केला. तो २०१० साली छापून आला. ज्यांना उजेडाची अजिबात जाणीव नव्हती, त्यांना झटक्यात उजेडाचा त्रास होत नव्हता. ज्यांना चित्र दिसत नव्हतं पण उजेड-अंधार कळत होता, त्यांचं दुखणं मात्र उजेडाने वाढत होतं. यातून कळलं ते असं: डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी उजेडाची वर्दी मेंदूत नेतात, आणि डोक्याच्या दुखण्याची वर्दी जिथे पोहोचते त्याच ठिकाणी ती जाऊन मिळते. दोन ओढे एकत्र आले की पूर चढतो, तसा ठणका चढतो. म्हणजे ‘खिडकी लावा’ म्हणणारी बाई नाटक करत नसते. तिचा मेंदू त्या क्षणी उजेडाचं दुखणं करत असतो.

आम्ही गटात हे समजावताना घागरीचं उदाहरण देतो. समजा, अर्धशिशी असलेल्या प्रत्येकीच्या डोक्यात एक घागर आहे. रात्रीची अर्धवट झोप म्हणजे एक तांब्या पाणी. सकाळी उपाशीपोटी शेतात जाणं, दुसरा तांब्या. भर उन्हात खुरपणी, तिसरा. पाळी दोन दिवसांवर आलेली, चौथा. एकेका तांब्याने घागर सांडत नाही. तीन-चार एकाच दिवशी पडले की ती काठावरून वाहते, तेव्हा झटका येतो. म्हणून कधी उन्हात जाऊन काही होत नाही आणि कधी नुसत्या लग्नाच्या लायटिंगने डोकं उठतं. पाळी थांबवणं आपल्या हातात नाही, ऊन थांबवणंही नाही. पण त्या दिवसांत बाकीचे तांब्ये कमी ओतणं हातात आहे. गोळीशिवायचा सगळा उपाय एवढ्यातच आहे.

आपल्या घागरीत कोणते तांब्ये पडतात हे कसं ओळखायचं? आपण हिशोब ठेवणाऱ्या बाया आहोत. पैशाचा हिशोब ठेवतो तसा डोक्याचाही ठेवायचा. वही नको असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. डोकं दुखलं त्या तारखेवर फुली. खूप दुखलं, कामच बंद पडलं, तर दोन फुल्या. गोळी घेतली तर गोल. पाळी आली तर ठिपका. उपास असेल तर रेघ. झोप मोडली असेल तर चंद्रकोर. लिहिता न येणाऱ्या मावशीसुद्धा हे करतात, आणि बिनचूक करतात. दोन-तीन महिने झाले की पान समोर धरून बघा. एखादीच्या फुल्या पाळीच्या ठिपक्याला चिकटून असतात, एखादीच्या दर चतुर्थीला, एखादीच्या बाजाराच्या दिवशी. पुढे डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर हेच पान सोबत न्या. ‘सारखं दुखतं’ या दोन शब्दांपेक्षा त्या पानावरून त्यांना जास्त कळतं.

आता एकेक तांब्या बघू.

पहिला, पोटाचा. अर्धशिशीच्या डोक्याला बदल सोसत नाही. जेवणाची वेळ चुकली की ते उठतं. आपल्याकडे बाई पहाटे उठून सगळ्यांचे डबे करते आणि स्वतः नुसत्या चहावर शेताला जाते. पहिला घास पडतो दुपारी. हे बदलायचं. घरातून निघण्याआधी अर्धी भाकरी, शिळी चपाती, मूठभर शेंगदाणे-गूळ, फुटाणे, काहीही चालेल, पण पोटात अन्न हवं. दोन जेवणांत मोठी दरी पडत असेल तर मध्ये थोडं खाऊन घ्या.

उपासाबद्दल आम्ही जपून बोलतो, कारण श्रद्धेचा प्रश्न आहे. पण हरतालिकेचा निर्जळी उपास, नवरात्राचे नऊ दिवस, सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपासांवर उपास झाले की अनेकींचं डोकं दुखतं, हे त्यांच्याच कॅलेंडरवर दिसतं. उपास सोडा असं आम्ही म्हणत नाही. ज्यांना त्रास होतो त्यांनी पाणी सोडू नये. राजगिरा, भगर, दही, केळं, शेंगदाणे थोडं थोडं, वेळेवर खावं. आमच्याकडच्या काही आजीच आता सुनांना सांगतात, ‘देवाला तुझं डोकं दुखवून काय करायचंय? पाणी पी.’ थोरल्यांनी असं सांगितलं की सुनेचा जीव मोकळा होतो.

पाणी हा याच पोटाच्या तांब्याचा भाग. शेतात आडोसा नाही, म्हणून कितीतरी बाया मुद्दाम पाणी कमी पितात. घसा कोरडा पडेपर्यंत थांबतात. ही गोष्ट बोलायला लाजायची नाही. दोघी-तिघी मिळून जायचं, साडीचा आडोसा करायचा, पण पाणी तोडायचं नाही. चहाचंही तसंच. रोज चार कप पिणारीने एके दिवशी एकदम बंद केला तर डोकं चढतं. कमी करायचा असेल तर आठवड्याला अर्धा-एक कप असा उतरवत आणा, आणि रोजच्या वेळा सांभाळा.

दुसरा तांब्या झोपेचा. कमी झोप त्रास देते आणि एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा खूप जास्त झोपही त्रास देते. लग्नघरची जागरणं, कीर्तन, रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणं, तान्हं बाळ, यांतलं काही टाळता येतं, काही येत नाही. जे टाळता येत नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी उपास आणि भर उन्हातलं काम दोन्ही नको. रोज साधारण एकाच वेळी निजायचं आणि एकाच वेळी उठायचं. रात्री निजताना मोबाइल उशाशी नको, लांब ठेवा.

तिसरा, न्हाण्याचा. हे ऐकून काही जणी आता मान डोलवतील. डोक्यावरून न्हालं की अर्धशिशी उठते, ही तक्रार आपल्याकडच्या बायांची फार जुनी. मुंबईचे डोकेदुखीचे तज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं २००६ साली एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात मांडली. म्हणजे ही केवळ म्हाताऱ्याकोताऱ्यांची समजूत नव्हती. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी उपाशीपोटी न्हाऊ नये, उपासाच्या किंवा जागरणाच्या दिवशी न्हाणं टाळावं, केस पुसून लवकर वाळवावेत आणि ओल्या केसांचा घट्ट अंबाडा बांधू नये. घट्ट वेणी, आवळलेला अंबाडा, डोक्यावर तासन्‌तास ओझं यांनीही काहींचं डोकं दुखतं. घरी आल्यावर केस सैल सोडा.

चौथा, पाळीचा. पाळीच्या आधीचे दोन दिवस आणि पाळीचे पहिले दोन-तीन दिवस हे झटक्याचे दिवस असतात. कॅलेंडरवर पुढच्या महिन्याच्या त्या तारखा आधीच हलक्या हाताने खुणावून ठेवा. त्या दिवसांत जेवण, पाणी, झोप डोळ्यांत तेल घालून सांभाळा. पापड-कुरडयांचा घाणा, घराची सफाई, बँकेची लांबची फेरी त्या दिवसांत ठेवू नका.

आता उजेडाचा तांब्या. तो नीट समजून घेऊ, कारण यात लोक दोन टोकांना जातात.

उन्हात जाताना डोळ्यांवर सावली हवी. पदर पुढे ओढा, त्यावर रुंद काठाची टोपी किंवा जाड टॉवेल घ्या. माणदेशासारख्या कोरड्या भागात उन्हाळ्यात जमीन पांढरी पडते, तिच्यावरून येणारी तिरीप वरच्या उन्हाइतकीच टोचते. शेततळ्याचा प्लास्टिक कागद, पत्रे, मल्चिंगचा चंदेरी कागद यांचंही तसंच. शक्य असेल तेव्हा खुरपणीची पात अशी धरा की सूर्य पाठीशी राहील. सकाळी लवकर काम धरून दुपारचे तास सावलीत काढता आले तर उत्तम. मुकादमाशी एकटीने बोलणं अवघड जातं, टोळीने बोललं की वेळ बदलून मिळते, असा आमच्या बायांचा अनुभव आहे. उन्हाचा गॉगल लावायला लाजू नका. ट्रॅक्टरवरचा दादा लावतो, मग आपण का नाही?

पण घरात आल्यावर गॉगल काढा. काही जणी त्रास होतो म्हणून दिवसभर घरातही काळा चष्मा लावतात, खिडक्या कायमच्या बंद ठेवतात. त्याने डोळे अंधाराला सरावतात आणि साधा उजेडही जास्त टोचायला लागतो. अंधार झटक्याच्या वेळी औषधासारखा वापरायचा. झटका नसलेल्या दिवशी नेहमीचा, मऊ उजेड डोळ्यांना हवा.

घरातला दिवा डोळ्यांसमोर उघडा टांगलेला नको. बल्ब पाठीमागे किंवा कडेला घ्या, म्हणजे उजेड भिंतीवरून येईल. फडफडणारी जुनी ट्यूब बदला; फडफडणारा उजेड एकसारख्या उजेडापेक्षा जास्त त्रास देतो. गटातल्या शिलाईकाम करणाऱ्या बहिणींनी मशीनचा दिवा सुईवर पडेल, डोळ्यांत येणार नाही असा वळवावा आणि थोड्या थोड्या वेळाने नजर लांब टाकावी. मोबाइलचा उजेड कमी करून घ्या, अंधारात पडद्याकडे बघू नका. मिरवणुकीतल्या झगमगत्या, चालू-बंद होणाऱ्या दिव्यांपासून आणि डीजेच्या भिंतीपासून लांब उभ्या राहा. बसमध्ये खिडकीतून झाडांच्या सावल्या आणि ऊन भराभर पळतात, तेव्हा डोळे मिटा किंवा पदर ओढा.

बोस्टनच्याच शास्त्रज्ञांना २०१६ साली असंही दिसलं की निळा, पांढरा, पिवळट, तांबडा उजेड झटक्यात दुखणं वाढवतो, हिरव्या रंगाच्या एका ठरावीक, मंद उजेडाने मात्र ते सगळ्यात कमी वाढतं. हे ऐकून हिरवा बल्ब आणायला धावू नका. बाजारातल्या हिरव्या बल्बमध्ये इतर रंगही मिसळलेले असतात. आपल्यासाठी यातला बोध साधा आहे: डोकं जड वाटू लागलं की पांढराशुभ्र प्रखर दिवा बंद करून मंद उजेडात जा.

इतकं सांभाळूनही झटका येईल. तेव्हा काय करायचं?

येण्याआधी तो खुणा देतो. कुणाला सारख्या जांभया येतात, कुणाची मान आखडते, कुणाला गोड खावंसं वाटतं, कुणी विनाकारण चिडते. आपली खूण ओळखा आणि तिथेच थांबा. ‘एवढी पात संपवते आणि मग बसते’ हे करायचं नाही. झटका चढायच्या आत थांबलं तर पुष्कळदा तो हलका जातो. पाणी प्या, दोन घास खा. अंधाऱ्या, शांत जागी आडव्या व्हा. ओला थंड कपडा कपाळावर आणि मानेवर ठेवा. कुणाला गरम शेक बरा वाटतो, ज्याने बरं वाटेल तो घ्या. पदराने डोकं बांधायचं तर बांधा, पण नस दाबेल इतकं आवळू नका. हळू, लांब श्वास घ्या. सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. झोप लागली तर झोपा. अर्धशिशीवर झोपेसारखा उतारा नाही.

भुवईवर डाग देणं, नाकात कसला तरी रस सोडणं, दोरे-उतारे करणं यांच्या नादी लागू नका. झटका तसाही काही तासांनी उतरतो आणि नाव उतरवणाऱ्याचं होतं. डाग मात्र आपल्या कपाळावर राहतो.

‘एका खोलीच्या घरात अंधारी जागा कुठून आणू?’ असं एका बैठकीत एक बहीण म्हणाली, आणि सगळ्या गप्प झाल्या. मग त्याच बैठकीत ठरलं. प्रत्येक वस्तीवर एक घर नेमायचं, जिथे आतली खोली किंवा माळवदाखालचा कोपरा आहे. ज्या बहिणीचं डोकं उठेल तिने तिथे जाऊन तासभर पडायचं. कुणी काही विचारायचं नाही. तिच्या लेकरांना तेवढा वेळ शेजारीण बघेल, चूल पेटवायची वेळ झाली तर पिठलं-भात कुणीतरी टाकेल. याला पैसे लागत नाहीत. पाळीपाळीने दुसऱ्याच्या शेतावर जाण्याची सावड आपल्याला माहीत आहे, ही डोक्याची सावड. आणि घरच्या माणसांनाही सांगायचं: ज्या दिवशी आईचं डोकं उठेल त्या दिवशी टीव्ही बंद, आणि पोरानेही भात लावायचा.

झटका नसलेल्या दिवसांसाठी एक गोष्ट आणखी. ‘दिवसभर राबतो, आता व्यायाम कशाला?’ असं तुम्ही म्हणाल. राबण्याने अंग शिणतं, मोकळं होत नाही. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात अर्धशिशीच्या शंभराहून जास्त रुग्णांचा एक अभ्यास झाला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नुसती औषधं दिली, दुसऱ्या गटाला औषधांबरोबर योगासनं आणि प्राणायाम दिला. तीन महिन्यांनी योग करणाऱ्यांचे झटके जास्त कमी झालेले होते. लक्षात ठेवा, त्यांनी औषध सोडलं नव्हतं, जोडीला योग घेतला होता. आपण आठवड्यातून तीन दिवस गटाने एकत्र बसून मान-खांद्यांच्या हालचाली, सोपी आसनं आणि दीर्घ श्वास करू शकतो. संध्याकाळी दोघींनी गप्पा मारत पायी चालणंही चांगलं. मात्र ठणका चालू असताना व्यायाम नको.

आता गोळ्यांबद्दल. आज औषधाशिवायच्या उपायांवर बोललो, म्हणजे औषध वाईट असं नव्हे. वाईट आहे ती किराणा दुकानातली, नाव न बघता घेतलेली, जवळजवळ रोजची गोळी. साधी दुखण्याची गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली मिश्र गोळी महिन्यातून १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर त्या गोळ्यांमुळेच नवी डोकेदुखी सुरू होऊ शकते. मग गोळी घेतली नाही तर दुखतं आणि घेतली तर तेवढ्यापुरतं थांबतं. सावकाराच्या व्याजासारखं हे चक्र असतं. कॅलेंडरवरचे गोल मोजा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस गोळी लागत असेल तर डॉक्टरांकडे जा. गोळ्या कमी करताना पहिले काही दिवस डोकं जास्त दुखू शकतं, म्हणून त्यांच्या सल्ल्याने करा. वारंवार झटके येणाऱ्यांसाठी, झटका येऊच नये म्हणून घ्यायची वेगळी औषधं असतात. ती लागली तर घ्यावीत, त्यात कमीपणा नाही. बीपी, फिट किंवा साखरेची चालू असलेली औषधं तर अजिबात बंद करायची नाहीत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी कोणतीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

एक गोष्ट कान देऊन ऐका. ज्यांना डोकं दुखण्याआधी चमकत्या नागमोडी रेषा दिसतात, त्यांनी माला-एन सारख्या दोन संप्रेरकं असलेल्या पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेऊ नयेत. अशा बायांमध्ये त्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. घाबरून मनाने बंद करू नका, नाहीतर नको असताना दिवस जातील. आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरला ‘मला अशा रेषा दिसतात’ एवढं सांगा. तांबी आहे, छाया गोळी आहे, त्या दुसरा मार्ग सुचवतील.

आणि काही डोकेदुख्या अर्धशिशी नसतात. त्यांत घरी पडून राहायचं नाही. वीज कोसळावी तसं अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही एवढं डोकं दुखलं, तापाबरोबर मान ताठ झाली, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, फिट आली, डोक्याला मार लागल्यानंतर दुखणं सुरू झालं, डोळा लाल होऊन दुखू लागला आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, किंवा गरोदरपणात वा बाळंतपणानंतर डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढे अंधारी, काजवे आले, तर १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच डोकेदुखी सुरू झाली, किंवा जुनी डोकेदुखी आठवड्यागणिक वाढत चालली, तरीही तपासून घ्या. लांब जाणं जमत नसेल तर गावच्या आरोग्य मंदिरातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येतं, त्याची चौकशी करा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तीन कामं करा. एक, ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी हात वर करा, आणि त्यांना कुणी हसणार नाही याची जबाबदारी अध्यक्ष-सचिवांनी घ्या. दोन, प्रत्येकीने कॅलेंडरवर खुणा सुरू करा. तीन महिन्यांनी ती पानं घेऊन एकत्र बसा. तीन, वस्तीवरचं अंधाऱ्या खोलीचं घर ठरवा आणि त्या घरच्या बाईचं नाव सगळ्यांना सांगून ठेवा. ज्यांचं डोकं कधीच दुखत नाही त्यांनाही यात काम आहे. शेजारीण दाराआड डोळे मिटून बसलेली दिसली तर तिच्या घरची खिडकी लावा, तिच्या लेकराला आपल्या अंगणात न्या, आणि हजेरीच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहा: ‘आजारी, रजा.’

तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात ते इतर गटांना सांगू. तोवर वेळेवर जेवा, पाणी प्या, डोक्यावर पदर घ्या. नमस्कार.